शेवटच्या घराकडे चावी

नल्लकुंटा, हैदराबाद
११ जानेवारी १९९७

श्रीमती कुसुमबाई यांस,

सप्रेम नमस्कार. हे पत्र निव्वळ कामाचं आहे, तेव्हा दचकू नये. तुमचा बोधनचा पत्ता नाल्याकाठच्या गल्लीतल्या भामाने दिला. तो तिच्याकडे होता आणि माझ्याकडे नव्हता, यावर मी तिला काही बोललो नाही.

काम असं. १९९० ते ९४ त्या गल्लीच्या पाण्याची चावी तुमच्याकडे होती आणि त्या भागाचा इंजिनियर मी होतो, हे आपल्याला आठवत असेलच. पाणी दिवसाआड दुपारी चारला यायचं आणि दीड तास राहायचं. त्याआधी चावी गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या नरसिंगकडे असायची. त्याची टाकी भरली की तो व्हॉल्व्ह बंद करून पुढच्या गल्लीचा उघडायचा आणि मागची तीस घरं कोरडी. मी चावी त्याच्याकडून काढून शेवटच्या घरी दिली, म्हणजे वर खडकावर, तुमच्याकडे. शेवटच्या घरी पाणी चढलं म्हणजे सगळ्यांना पोचलं, इतकं ते सरळ होतं. भांडणं थांबली. चार वर्षांत त्या गल्लीतून आमच्या ऑफिसात एक तक्रार आली नाही.

यावर मी एक निबंध लिहिला आणि १९९५ साली बँकॉकला वाचला. आशियातल्या बारा शहरांनी एकमेकांकडून शिकायचं अशी एक योजना निघाली आहे. पूर्वी शहाणपण लंडनहून यायचं, आता आपण गरिबांनी आपसांत वाटून घ्यायचं. मला हे मनापासून पटलं होतं, अजूनही पटतं. तिथे टाळ्या पडल्या, एक लाकडी हत्ती मिळाला. कोलंबोचे इंजिनियर नंदसेना यांनी निबंधाची प्रत मागून घेतली.

परवा त्यांचं पत्र आलं. त्यांनी तिकडे अकरा गल्ल्यांत चावी शेवटच्या घराकडे दिली आणि नऊ गल्ल्यांत मारामाऱ्या झाल्या. चावी हातात होती म्हणून एका बाईचं मनगट मोडलं. एप्रिलमध्ये त्यांची समिती बसेल, योजना गुंडाळेल आणि अकराही गल्ल्यांचं पाणी एका ठेकेदाराच्या हातात जाईल. मग ज्याला परवडेल त्याने प्यावं. नंदसेना विचारतात, तुमच्या निबंधात काय लिहायचं राहून गेलं?

मला माहीत नाही. निबंध सहा वेळा वाचला. उतार आहे, दाब आहे, नळाचा व्यास आहे, नकाशासुद्धा आहे. तरी चावी हाती असताना तुम्ही नेमकं काय करत होतात, ते कृपया मुद्देसूद कळवावे.

अक्का, मला हे असं लिहिता येत नाही. मायन्यातच चार कागद फुकट गेले. सख्ख्या बहिणीला ‘श्रीमती’ लिहिणारा मी पहिलाच असेन. पण ‘तीर्थस्वरूप’ लिहायला हात होईना, वाचून तू हसली असतीस. विचारलंय तेवढं सांग.

नामदेव


नल्लकुंटा
२ फेब्रुवारी १९९७

अक्का,

तीन आठवडे झाले. तू उत्तर देणार नाहीस हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी रोज ऑफिसातून आल्यावर आधी पेटी उघडतो. म्हणजे ठाऊक नव्हतं. माझं डोकं सध्या असंच चाललंय.

शेवटी मीच गल्लीत गेलो. आधी एक कबूल करतो. चावी परत नरसिंगकडे गेली आहे. तुझी मुलगी रेणू लग्न होऊन बोधनला गेली, तिच्यापाठोपाठ तू गेलीस, तेव्हा तुझ्या घरात जो भाडेकरू आला त्याच्या हातात मी चावी दिली. घर तेच, खडक तोच, नळ तोच. दोन महिन्यांत त्याने चावी नरसिंगच्या अंगणात नेऊन टाकली. ‘मेरे बस का नै साब,’ म्हणाला. हे सगळं बँकॉकच्या आधीचं. तिथे उभा राहून मी जे चालू आहे म्हणून सांगत होतो ते बंद पडून सहा महिने उलटले होते. मला वाटलं, माणूस चुकीचा निघाला, तत्त्व तर बरोबर आहे ना. आता नंदसेनांच्या नऊ गल्ल्या डोळ्यांपुढे येतात आणि तत्त्व कोणतं होतं तेच कळत नाही.

गल्लीत दारोदार विचारलं आणि वहीत टिपून घेतलं. सहाव्या घरची म्हणाली, तू फार कडक, मिनिटभर जास्त सोडायची नाहीस. नवव्या घरची म्हणाली, कडक कुठली, मी बाळंतीण होते तेव्हा माझ्यासाठी दर पाळीला थांबायची. नरसिंगला विचारलं, तुझ्या हातची चावी गेली तर तू चार वर्षं गप्प कसा बसलास? तो म्हणाला, ‘उनसे क्या लड़ना साब, उनका कोई था इच नै.’ यातून काय समजायचं? भामा तर हसायलाच लागली. ‘क्या करती थी बोले तो? बातां करती थी. हर दरवाजे पे बातां.’ तुझी बडबड मला लहानपणापासून माहीत आहे, तिचा पाण्याशी काय संबंध? ते मी टिपलं आणि मग खोडलं.

एक शंका आहे. यादगिरी आमच्याच खात्यात फिटर होता. वारण्यापूर्वी त्याने तुला व्हॉल्व्हचं काही शिकवून ठेवलं होतं का? पाव फेरा उघडायचा, मग अर्धा, असं काही? तेवढं असेल तर मी आकृती काढून कोलंबोला पाठवतो आणि सगळ्यांचंच भलं होईल.

त्याचं नाव मी आज पहिल्यांदा कागदावर लिहिलं. परभणीचं सासर सोडून तू त्याच्याबरोबर राहायला लागलीस आणि अण्णा म्हणाले, कुसुम आपल्याला नव्हती असं समजा. तेव्हापासून तेवीस वर्षं हे नाव या घरात निघालेलं नाही. माझी बायको सुशीला, जिला तू पाहिलेलंही नाहीस, ती मागे उभी राहून हे वाचत होती. चहा आणला त्यात साखर नव्हती.

उत्तर दे. त्या मनगट मोडलेल्या बाईसाठी दे, माझ्यासाठी नको.

नामदेव


नल्लकुंटा
२० फेब्रुवारी १९९७

अक्का,

फार वाईट गोष्ट घडली आहे आणि ती मी केली आहे.

नंदसेना मद्रासला कामाने आले होते, तिथून गाडी धरून काल सरळ माझ्या ऑफिसात उभे. बारीक, चष्मेवाला, माझ्याच वयाचा माणूस. आमच्याकडे सध्या जो तो पाहुण्यांना माधापूरकडे नेतो, तिथे खडक फोडून मोठमोठ्या इमारती उठताहेत आणि साहेब म्हणतात पुढच्या वर्षी सगळं कॉम्प्युटरवर जाणार. मी पण म्हटलं, आधी तिकडे चक्कर मारू. ते म्हणाले, मला इमारती नकोत, मला चार वाजताची गल्ली दाखवा.

मी त्यांना दुसऱ्या कुठल्या बऱ्या गल्लीत नेऊ शकलो असतो. विचार केला होता, खोटं कशाला बोलू. पण आपल्या भागात बरी गल्ली कोणती तेच आठवेना. शेवटी तिथेच गेलो. त्यांच्यादेखत नरसिंगने पाऊण तासात व्हॉल्व्ह बंद केला आणि आम्हाला नमस्कार करून घरात गेला. नंदसेनांनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, शेवटच्या घरी जाऊ या.

वर चढलो. भाडेकरूची बायको पाण्याच्या दोन रिकाम्या बिंदग्या घेऊन दारात बसली होती. नंदसेनांनी खिशातून एक फोटो काढून मला दाखवला, प्लास्टर घातलेला हात पुढे धरून बसलेली एक बाई. मग विचारलं, ‘आणि तुमच्या निबंधातली बाई कुठे आहे? मला तिला भेटायचंय.’

आणि माझ्या तोंडून गेलं, ‘ती वारली.’

का गेलं ते मला सांगता येणार नाही. बोधनला आहे म्हटलं असतं तर ते म्हणाले असते चला बोधनला, आणि मग तू दार उघडून काय म्हणाली असतीस? एवढा लांबचा विचार जिभेने केला असेल का? नंदसेनांनी बूट काढले, मान खाली घातली आणि तुझ्या दारापुढे मिनिटभर उभे राहिले. त्यांना पाहून भाडेकरूच्या बायकोनेही पदर डोक्यावर घेतला. खालून भामा आली. ‘क्या हुआ साब, कौन गया?’ मी म्हटलं कोणी नाही. मीही मान खाली घालूनच उभा होतो, दुसरं काय करणार.

खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात. घरी येताना मी याच गोष्टीवर समाधान मानत होतो. सुशीलाला सांगितलं तर ती म्हणाली, ‘तुम्ही आधी एकदा मारलंत, आता दुसऱ्यांदा?’ ती असं बोलते हे मला माहीत नव्हतं.

नामदेव


नल्लकुंटा
२४ फेब्रुवारी १९९७

अक्का,

काल नंदसेनांना नामपल्लीला गाडीत बसवायला गेलो. गाडीला वेळ होता. बाकावर बसल्यावर त्यांनी एक टाइप केलेला कागद काढला. बाराही शहरांना निबंधाची नवी आवृत्ती जाणार आहे आणि त्यांना सुरुवातीला एक ओळ घालायची होती, या बाईच्या स्मृतीस. ‘तिचं पूर्ण नाव सांगा,’ म्हणाले आणि पेन उघडून बसले.

मी म्हटलं, कुसुम. ‘पुढे?’ पुढे काय सांगू? अण्णांचं नाव अण्णांनी काढून घेतलं, परभणीचं तू टाकलंस आणि यादगिरीदाजींचं आम्ही मानलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग मी म्हणालो, ‘ती जिवंत आहे. ती माझी मोठी बहीण आहे.’ तेवीस वर्षांत पहिल्यांदा बोललो. इंग्रजीत बोललो म्हणून जमलं, याची लाज वाटते.

त्यांनी पेन बंद केलं. रागावले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, ‘मग तिलाच विचारा ना.’

मी सांगितलं, तीन पत्रं घातली, उत्तर येत नाही. त्यांनी विचारलं, का? म्हणून मला ९१ सालचं सांगावं लागलं. तुला मी आठवून द्यावं असं त्यात काही नाही, पण त्यांना जसं सांगितलं तसं तुलाही सांगतो, नाहीतर परक्याला सांगितलं आणि तुला नाही असं व्हायचं.

एप्रिल होता. मोठे साहेब जीपमधून गल्ली बघायला आले होते, बरोबर दोन पाहुणे. तू चावी घेऊन खाली आलीस, मला पाहिलंस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, ‘बाबू, डोक्याला रुमाल बांध, ऊन लागेल.’ साहेब हसले. ‘क्यों नामदेवराव, पहचान की है क्या?’ मी म्हणालो, ‘नो सर. बेनिफिशरी.’ लाभार्थी. तुला इंग्रजी येत नाही असं मी स्वतःला समजावलं. पण ‘नो’ सगळ्यांना कळतं. तू पाठ फिरवून व्हॉल्व्हकडे गेलीस आणि आम्ही जीपमध्ये बसलो.

अण्णा तेव्हा होते. साहेब चिक्कडपल्लीत राहायचे, अण्णांची त्यांच्याकडे ऊठबस, गोष्ट घरी आली असती. ही कारणं आहेत. स्टेशनवर ती सांगताना मलाच अपुरी वाटत होती. पुढे ९३ साली अण्णा गेले, पंधरा दिवसांनी मी गल्लीत आलो तेव्हा माझं मुंडण तू पाहिलंस. काही विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही. तू आत गेलीस आणि दार लावून घेतलंस, आणि मी वहीत लिहिलं, दाब समाधानकारक.

मी आता काय विचारतोय तेच मला कळेनासं झालंय. पाण्याचं विचारतोय की दुसरं काही? नंदसेनांना एप्रिलच्या आत उत्तर हवं, ते खरंच आहे. पण तू उद्या व्हॉल्व्हची आकृती पाठवलीस तर मला रडू येईल, हेही खरं आहे.

तेव्हा मला तुझी लाज वाटली होती. आता माझी वाटते. यापेक्षा मुद्देसूद मला लिहिता येत नाही.

बाबू


बोधन
९ मार्च १९९७

बाबू,

मेलेल्या बाईचं पत्र आहे, जपून वाच.

चारी पत्रं पोचली. पहिल्याला उत्तर द्यायचंच नव्हतं. तेवीस वर्षांनी भाऊ लिहितो आणि काय लिहितो, तर मुद्देसूद कळवा. दुसरं वाचून राग आला. तिसरं वाचून हसले, देवाशप्पथ, पदर तोंडात घालून हसले. त्या लंकेच्या माणसाने माझ्या दारात बूट काढले ना, तेवढ्यासाठी लिहिते. आणि चौथ्यासाठी.

त्याला कळव. तुझ्या दाजींनी मला व्हॉल्व्हचं काही शिकवलं नाही. पाव फेरा नाही आणि अर्धा नाही. चार वाजता चावी फिरवायची आणि गल्लीच्या तोंडापासून एकेका दारात जाऊन विचारायचं, ‘आलं का?’ तेवढंच मी करत होते. पाणी आलं की नाही ते मला नळाच्या आवाजावरून कळायचं, विचारायची काही गरज नव्हती. पण तुझे दाजी गेल्यावर त्या गल्लीत माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. नवरा सोडलेली, दुसऱ्याच्या घरात राहिलेली, तिच्याशी कोण बोलतं? पाण्याचं विचारलं तर मात्र तोंड फिरवता येत नाही कोणाला. हो म्हणावं लागतं नाहीतर नाही म्हणावं लागतं. आधी नुसतं हो. मग महिन्या दोन महिन्यांनी ‘हौ अम्मा’. मग ‘बैठो अम्मा’. कोणाची सून बाळंत झाली, कोणाचं पोर तापलंय, कोणाकडे पाहुणे आलेत, मला सगळं ठाऊक व्हायचं. कोणाला आज किती लागणार ते चावी फिरवायच्या आधी माहीत. म्हणून कोणासाठी थांबले आणि कोणासाठी नाही, तरी भांडण झालं नाही. मी कोणाच्या पाण्यासाठी फिरत नव्हते बाबू. दीड तास माणसांशी बोलायला मिळायचं, म्हणून फिरत होते. भामाचं बोलणं तू वहीत खोडलंस. ते परत लिही.

आता दुसरं. ते तुला समजायला जड जाईल, मलाही गेलं. पहिलं वर्षभर नरसिंग दर आठवड्याला वर येऊन चावी मागायचा. म्हणायचा, तुम इंजिनियरसाब के लोगां है, तुमकू इच दिये. माझी मराठी ऐकून, तुझं माझं नाक बघून त्यांना संशय होता. मग ती जीप आली. जीप गेल्यावर मी व्हॉल्व्हपाशी बसले ती उठले नाही. पाणी बंद करायला चावी फिरवायची विसरले असं नाही, फिरवली नाही. घरं भरली, पाणी गल्लीतून वाहत नाल्यात गेलं, पुढच्या गल्लीचं सगळं पाणी गेलं. सगळे दारात उभे राहून बघत होते, कोणी ओरडलं नाही. शेवटी नरसिंगची आई आली, माझ्या हातातून चावी घेऊन तिने बंद केलं आणि घरातून चहा आणून दिला. ‘तुम्हारा कोई नै ना अम्मा,’ म्हणाली आणि पाठीवरून हात फिरवला. त्या दिवसानंतर नरसिंगने चावी मागितली नाही. ज्याचं ऑफिसात कोणी नाही, त्याने बंद केलेलं पाणी लोक सोसतात. लंकेच्या माणसाला विचार, त्याच्या नऊ गल्ल्यांत चावी कोणाच्या भावाकडे, कोणाच्या मेव्हण्याकडे गेली. विचार म्हणजे कळेल.

म्हणजे तू मला ओळखत नाहीस म्हणालास, त्यावर ती गल्ली पुढची तीन वर्षं पाणी प्यायली. हे बरं झालं की वाईट झालं ते मला अजून कळलेलं नाही. चांगलं काम झालं, हे खरं. आणि मी त्या दिवशी व्हॉल्व्हपाशी बसून काय रडले, तेही खरं. तू दोन्ही लिही. नुसतं एकच लिहिलंस तर तिकडे पुन्हा कोणाचं तरी मनगट मोडेल.

अण्णा गेले ते मला तुझ्या डोक्यावरून कळलं. दार लावलं ते तुझ्यावर नाही. आत जाऊन अंघोळ केली. लेकीला करायला लागते.

स्टेशनवर सांगितलंस ते ठीक. तो निघून जाणारा माणूस. आता गल्लीत जाऊन सांग. चावी नरसिंगकडेच आहे, आता खरं बोललास तर कोणाचं पाणी जाणार नाही. चार वाजता जा, तेव्हा सगळे दारात असतात. नरसिंगच्या आईला आधी सांग. तिला कमी ऐकू येतं, मोठ्याने सांग.

रेणूला मराठी वाचता येत नाही, तेलुगू शाळेत गेली ती. तुझी पाकिटं बघून विचारते, अम्मा, कोणाची? मी म्हणते, इंजिनियरसाबची. तू गल्लीत सांगून आलास की मामाची म्हणेन.

अक्का